मागाच्या खडखडाटात हाक पोहोचवणारं घड्याळ, मराठी-कन्नड अक्षरांसकट

वडगावचा_धोटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले पाच महिने एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, ती इथे मांडतो. लांबेल, पण अर्धवट लिहून कुणालाच उपयोग होणार नाही.

माझे बाबा बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर साड्या विणतात. बत्तीस वर्षं झाली. ज्यांनी मागाची शेड आतून बघितलेली नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. धोटा (आडवं सूत घेऊन जाणारा तुकडा) एका बाजूने मारला जातो, पलीकडे आदळतो, तिथून परत मारला जातो. मिनिटाला शंभराच्या वर वेळा. आणि असे सहा माग एका पत्र्याखाली. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, म्हणून सगळे खुणांनी बोलतात. कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) संपली, ताणा (उभं सूत) तुटला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची वेगळी खूण. मला त्या खुणा बाराखडीच्या आधी यायला लागल्या.

फोन कोनाड्यात ठेवलेला असतो. तो वाजला तरी ऐकू येत नाही, आणि खिशात ठेवला तर मागाच्या हादऱ्यात त्याचं व्हायब्रेशन कळत नाही. गेल्या श्रावणात आजी न्हाणीघरात घसरून पडली. आईनं बाबांना सात फोन लावले. मी तेव्हा हुबळीला होतो. शेवटी शेजारचा मुलगा सायकल मारत शेडवर गेला आणि बाबा घरी आले, तोवर पाऊण तास गेला होता. आजी आता बरी आहे. पण ते सात मिस्ड कॉल बाबांनी अजून फोनमधून पुसलेले नाहीत.

तेव्हा ठरवलं, मनगटावर काहीतरी बांधायचं. बाजारातून दीड हजाराच्या आतला एक फिटनेस बँड आणला. थरथर चांगली होती. आईनं दुपारी मेसेज केला, "डबा पाठवलाय, भात गरम आहे तोवर जेवा." बँडवर आलं ते असं: चौकोन, चौकोन, चौकोन, स्वल्पविराम, परत चौकोन. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं, कन्नड दुकानाच्या पाट्यांपुरतं आणि सुताच्या व्यापाऱ्याच्या मेसेजपुरतं येतं. त्यांच्या हातावर आलेला चौकोन बायकोचा की बँकेच्या जाहिरातीचा, हे त्यांना कसं कळणार? चौथ्या दिवशी त्यांनी बँड काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला. म्हणाले, "थरथरतंय, पण काय म्हणतंय ते कळत नाही."

मग मी पाइनटाइम मागवलं. पाइन६४ या कंपनीचं घड्याळ, आत काय चाललंय ते सगळं उघड, आपण हवं तसं बदलून भरू शकतो. वाटलं, देवनागरीचा फॉन्ट आत घालू, झालं काम. तिथे मात्र चांगलीच ठेच लागली. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) देवनागरीला १२८ घरं दिलेली आहेत. ती सगळी मी फॉन्टमध्ये घेतली, इन्फिनिटाइम हे फर्मवेअर (घड्याळ चालवणारा मूळ प्रोग्राम) परत तयार करून घड्याळात भरलं, आणि चौकोन गेले. त्यांच्या जागी जे आलं ते असं: "किती" या शब्दात पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसलेली, आणि "कृष्णा"मध्ये 'ष'चा पाय मोडून 'ण' वेगळा उभा. म्हणजे अक्षरं सगळी हजर, पण शब्द तयार नाही.

कारण असं. आपण "कि" टाइप करतो तेव्हा साठवलं जाताना आधी 'क', मग वेलांटी असंच जातं. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं, दोन अक्षरांचं जोडाक्षर करणं, ही कामं वेगळा प्रोग्राम करतो. अँड्रॉइडमध्ये ते काम हार्फबझ करतो. 'ष्ण' या आकाराला युनिकोडमध्ये स्वतःचं घरच नाही, तो फॉन्टच्या पोटात दडलेला असतो, आणि तो बाहेर काढायला हा जोडणारा लागतो. पाइनटाइममध्ये ६४ किलोबाइट रॅम आणि ५१२ किलोबाइट फ्लॅश. त्यात घड्याळाचा सगळा संसार. तिथे जोडणाऱ्याला जागा करणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. कन्नडचं तर त्याहून अवघड, खालती लोंबणारे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) बघून मी संगणक बंद केला.

उत्तर दुसऱ्या घड्याळात सापडलं. बँगल जेएस २. १७६ बाय १७६ ठिपक्यांचा पडदा, कायम चालू, उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहून ब्लूटूथवरून थेट भरता येतो, उघडावं लागत नाही. याच्याबरोबर फोनवर गॅजेटब्रिज हे फोनचे मेसेज घड्याळाला पाठवणारं ॲप चालतं (बँगलसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे), आणि त्यात एक पर्याय आहे: घड्याळाच्या फॉन्टला जो शब्द लिहिता येत नाही, तो फोनवर चित्र म्हणून काढायचा आणि चित्रच पाठवायचं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. जोडाक्षर फोनला येतंच. फोनच अक्षर काढेल, घड्याळानं फक्त ठिपके मांडायचे! ढोबळ हिशेब करून बघा: ६० ठिपके रुंद, २४ ठिपके उंच शब्द म्हणजे १४४० ठिपके. काळा-पांढरा असेल तर १८० बाइट. ब्लूटूथ लो एनर्जीच्या साध्या पाकिटात एका वेळी २० बाइट मावतात, म्हणजे नऊ पाकिटं. निमिषात जातात.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातावर "डबा पाठवलाय" आलं. एकही चौकोन नाही, सगळे काने जागच्या जागी. त्यांनी मागाचा दांडा ओढून माग थांबवला, चष्मा कपाळावर चढवला, घड्याळ नाकाजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं. बाकीचे पाच माग चालू होते, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. पण ओठ हलताना दिसले.

आता अडचणी आहेत, त्यासाठीच हा धागा. मागाच्या चौकटीला हात टेकलेला असला की मनगटावरची थरथर हरवते. लांब कन्नड शब्द पडद्याच्या कडेला तुटतात. आणि प्रत्येक वेळी हात वळवून बघायला बाबांना सवड नसते. कुणी असलं काही केलंय का?

---

लेथमास्तर_उद्यमबाग

वडगावचा_धोटा, सगळं वाचलो. वडिलांसाठी करालाय, फार चांगलं. पण आधी एक सांगतो ते ऐका.

हातात घड्याळ घालून मागावर उभं राहू देऊ नका. मी उद्यमबागेत लेथवर अठ्ठावीस वर्षं काम केलोय. घड्याळ, कडं, अंगठी, गळ्यात मफलर, फुल बाह्या सोडलेल्या, काहीच चालत नाही. पोरास्नी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पट्टा फिरत्या भागात अडकला की पट्टा तुटत नाही, हात आत जातो. सिलिकॉनचा पट्टा तर अजिबात तुटत नाही, ताणतो आणि धरून ठेवतो. मागाला दातेरी चाकं आहेत, पट्टे आहेत, धोटा मारणारी काठी आहे. तुटलेलं सूत जोडताना हात कुठं कुठं जातो ते तुम्हीच बघितलाय.

तुमचं उत्तर पण त्यातच हाय बगा. मनगट सोडा. दंडावर बांधा, कोपराच्या वर, बाहीच्या आत. तिथं हात टेकत नाही, थरथर पण हरवणार नाही.

---

वडगावचा_धोटा

मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला. पाच महिन्यांत हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही, आणि मी त्याच शेडमध्ये लहानाचा मोठा झालो. आज रात्रीच बाबांना सांगतो. उद्यापासून घड्याळ मनगटावर नाही.

---

आशाताई_चिकोडी

मास्तरांचं म्हणणं लाख मोलाचं. मी खेड्यात घरोघरी फिरते, तेव्हा आरोग्याच्या बाजूनं दोन गोष्टी लिहिते.

दादा, तुमच्या वडिलांचे कान तपासून घ्या. घड्याळाचं कौतुक आहेच, पण फोन ऐकू न येण्याचं कारण नुसता मागाचा आवाज आहे की कानांनीही साथ सोडलीय, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या आसपास किंवा वर जातो. हे नुकसान हळूहळू होतं, आधी बारीक आवाज जातात, पाखराचा, घड्याळाच्या टिकटिकीचा, बाईच्या नाहीतर लेकराच्या बोलण्यातल्या 'स', 'श'चा. माणसाला वाटतं समोरचाच पुटपुटतोय. ऑडिओमेट्री म्हणजे कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, अर्ध्या तासात होते, दुखत नाही.

आणि कानात घालायची बुचं मिळतात, फोमची. वीस-तीस रुपयांना जोडी. आता हाक पोहोचवायला दंडावरचं घड्याळ आहे, तर कान झाकायला काय हरकत आहे?

---

वडगावचा_धोटा

आशाताई, बुचांचा विषय घरात दहा वर्षं चाललाय. बाबा दोन कारणं सांगायचे. एक, कुणी हाक मारली तर कळणार नाही. दुसरं, माग ऐकावा लागतो. हे खरं आहे. धोटा नीट बसत नसेल, काठीचा चामड्याचा तुकडा झिजला असेल, तर आवाज बदलतो आणि अनुभवी माणूस कापडात दोष यायच्या आधी माग थांबवतो. बाबा पाठ फिरवून चहा पीत असले तरी "तीन नंबरचा बघ रे" म्हणतात.

तुमच्या बोलण्यानं पहिलं कारण तर गेलं. दुसऱ्याचं काय करायचं?

---

आशाताई_चिकोडी

बुचानं आवाज बंद होत नाही हो दादा, सगळाच थोडा खाली येतो. मागाचा सूर बदलला तर तो बुचातूनही बदललेलाच ऐकू येतो, पहिले आठ दिवस परकं वाटतं एवढंच. माझ्या भावाची पिठाची गिरणी आहे. त्याला आता बुचाशिवाय गिरणीत उभं राहवत नाही.

बुच घालायची पद्धत मात्र शिकवा. दोन बोटांत वळून बारीक करायचं, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचं. नुसतं कानाच्या तोंडाशी टेकवलं तर काही उपयोग नाही. आणि मागाचं तेल लागलेल्या हातानं नको.

---

निपाणीचा_मोबाईलवाला

धागा वाचून फार बरं वाटलं. माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. असल्या घड्याळांची गिऱ्हाइकं रोज येतात, म्हणून लिहितो.

लोक विचारतात, "साखर मोजणारं घड्याळ आहे काय?" असली घड्याळं ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतात, पडद्यावर आकडाही येतो. मी कुणाला विकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिलाय की त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. आपल्याकडे मधुमेहाचे रोगी घरटी सापडतात. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जीवावर बेतेल.

नाडीचं काम खरं आहे, पण समजून घेतलं पाहिजे. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो, रक्त तो शोषतं, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, तेवढंच मोजतं. काही स्वस्त घड्याळं कापडाच्या गुंडाळीवर ठेवली तरी ७२ दाखवतात, मी गिऱ्हाइकासमोर करून दाखवतो.

बाकी वडगावचा_धोटा, तुमच्या घड्याळाचा चार्जर लोहचुंबकाचा आहे ना? शेडमध्ये चार्ज करू नका. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि टोकं एकमेकांना जोडली जातात. घरीच करा, आणि लावायच्या आधी घड्याळाची मागची बाजू सुती फडक्यानं पुसा, घामाच्या मिठानं टोकं हिरवी पडतात. बाबांच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकातही सुताचा कापूस बसत असेल. लाकडी दातकोरण्यानं हलक्या हातानं काढा, टाचणी घालू नका.

---

शाळेतली_शहापूर

मी मराठी शाळेत शिकवते. मुलांसाठी अशी घड्याळं घ्यावीत की नाही हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही. मला तुमच्या चित्राच्या युक्तीबद्दल एक विचारायचंय.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द घड्याळावर पाठवून बघाल का? पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आपल्या मराठीत या दोन 'र'मुळे अर्थ बदलतो. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, यावर लग्नघरात काय घडेल सांगा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या फॉन्टमध्ये अनेकदा दोन्हीकडे रफारच येतो. माझ्या जुन्या फोनवर "शेतकऱ्यांना" कायम "शेतकर्यांना" दिसायचं आणि मला दर वेळी डोळ्यात खडा गेल्यासारखं व्हायचं.

---

वडगावचा_धोटा

ताई, फार चांगली परीक्षा दिलीत. आत्ताच केली. बँगलवर दोन्ही शब्द बरोबर आले, कारण ते फोननं काढलेत. जुन्या बँडवर मुद्दाम पाठवले, तिथे अर्थात चौकोन. पण एक गंमतीची गोष्ट दिसली: 'दर्या'ला जितके चौकोन, त्याहून 'दऱ्या'ला एक जास्त आला! शोधलं तेव्हा कळलं की हा 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडलेला, आणि मध्ये जोडणारं एक अदृश्य चिन्ह. आईच्या कीबोर्डमध्ये ते दुसरं आहे. त्या अदृश्य चिन्हालाही बँड एक चौकोन देतो.

---

बाची_फाटा

एक वेगळी अडचण, सीमेवरच्यांना उपयोगी पडेल. मी बेळगावात राहतो आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीला कामाला जातो. वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडलं की फोन कर्नाटक सर्कल सोडून महाराष्ट्राचं नेटवर्क धरतो. माझ्या फोनमध्ये डेटा रोमिंग बंद होतं. त्यामुळे कॉल यायचे, पण व्हॉट्सॲप संध्याकाळी परत हिंडलग्याजवळ आलो की एकदम पाऊस पडल्यासारखं यायचं, आणि घड्याळ पंधरा मिनिटं थरथरत राहायचं. मी घड्याळाला दोष देत होतो, दोनदा रिसेट केलं. दोष त्या एका बटणात होता. हल्ली बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या रोमिंगला वेगळे पैसे पडत नाहीत, तेव्हा आपला प्लॅन बघून ते चालू करून ठेवा.

---

कणकुंबीचा_पाऊस

आमच्याकडे खानापूरच्या रानात तर रेंजच शोधावी लागते. मलप्रभेच्या उगमापाशी पावसाळ्यात दोन-दोन दिवस फोन म्हणजे टॉर्च. मला कुणीतरी घड्याळ भेट दिलं, "यात सगळं आहे" म्हणून. फोनला रेंज नसेल तर घड्याळ हे घड्याळच असतं, हे आधी सांगायला हवं होतं. पावलं मात्र मोजतं.

त्या पावलांबद्दल कुणी सांगेल काय? गुरांमागे दिवसभर फिरून आठ हजार, आणि ज्या दिवशी भजनात तीन तास टाळ वाजवले त्या दिवशी अकरा हजार. हे कसं?

---

आशाताई_चिकोडी

कणकुंबीकर, आत हालचाल ओळखणारी चिप असते. हात ठरावीक लयीत हलला की ती पाऊल समजते. टाळाची लय चालण्याच्या लयीच्या फार जवळची. पोळ्या लाटताना, धुणं आपटतानाही हेच होतं. आणि घड्याळं रोजचं लक्ष्य म्हणून दाखवतात त्या दहा हजार पावलांच्या आकड्याचं मनावर घेऊ नका. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आणलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तो डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हता. तुम्ही गुरांमागे डोंगर चढता, ते आठ हजार भरपूर आहेत.

---

निपाणीचा_मोबाईलवाला

वडगावचा_धोटा, एक विचारायचं राहिलं. बाबांचा फोन मध्येच घड्याळाला सोडून देतो काय? अनेक फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप मारून टाकतात. गॅजेटब्रिजसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका. आणि अँड्रॉइड १३पासून पुढे, ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून घातलं असेल तर नोटिफिकेशन वाचायची परवानगी करड्या रंगात दिसते, दाबताच येत नाही. ॲपच्या माहितीच्या पानावर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'प्रतिबंधित सेटिंगला परवानगी' दिली की मग उघडते. यात माझं एक गिऱ्हाइक दोन दिवस अडकलं होतं.

---

वडगावचा_धोटा

बॅटरीचं बंधन आधीच काढलं होतं, पण ते तीन ठिपके मला आठवडाभर सापडले नव्हते. दुसऱ्या कुणाचा आठवडा वाचेल.

तीन आठवड्यांनंतर लिहितोय, सविस्तर.

घड्याळ आता दंडावर आहे. सिलिकॉनचा पट्टा काढला. आईनं साडीच्या काठाच्या उरलेल्या पट्टीतून दंडपट्टी शिवली, आत मऊ सुती अस्तर, बंद करायला वेलक्रो. वेलक्रो मुद्दाम बोटभरच ठेवलाय, म्हणजे कशात अडकलं तर सुटून येईल. आम्ही माग बंद ठेवून पट्टी दांड्याला अडकवून ओढून बघितली. तीन वेळा ओढली, तिन्ही वेळा सुटली. मास्तर, हे तुमच्यासाठी लिहिलं. थरथर दंडावर इतकी स्पष्ट लागते की बाबा पहिल्या दिवशी दचकले.

पण दंडावरचा पडदा वाचायला वेळ लागतो, म्हणून थरथरीच्याच खुणा केल्या. घरून आलं तर दोन लांब. व्यापाऱ्याचं असेल तर एक आखूड. बाकी सगळं गप्प, बँक, जाहिराती, ग्रुपवरची सुप्रभातं, सगळं. घरून लागोपाठ तीनदा फोन आला तर बाबा बंद करेपर्यंत थरथरत राहायचं, ते आजीसाठी. लिहायला तीसेक ओळी लागल्या.

त्यात एके ठिकाणी दोन रात्री गेल्या. प्रोग्राममध्ये लिहिलं होतं की नाव "घर" असेल तर दोन लांब. काही केल्या चालेना. मग लक्षात आलं, घड्याळापर्यंत "घर" हा शब्द पोहोचतच नाही, त्याचं चित्र पोहोचतं! ठिपक्यांना नाव विचारून काय उपयोग. उपाय साधा निघाला. फोनमध्ये आईचा नंबर "घर"च्या आधी इंग्रजी आकडा एक आणि मोकळी जागा घालून साठवला, व्यापाऱ्याचा तसाच आकडा दोन घालून. चित्र शब्दागणिक होतं, त्यामुळे आकडा अक्षर म्हणूनच जातो, आणि प्रोग्राम तेवढाच बघतो. देवनागरी १ घालू नका, त्याचंही चित्र होतं.

कन्नडचे लांब शब्द अजून कडेला तुटतात. अक्षराचा आकार लहान केला तर मावतात, पण बाबांना चष्म्यातूनही दिसत नाहीत. सध्या व्यापाऱ्यालाच विनंती केलीय की दोन-दोन शब्दांत लिहा. ते भले गृहस्थ आहेत. परवा फक्त "सूत आलंय" एवढं लिहिलं, तेही मराठीत, कन्नड लिपीत.

आणि आशाताई, कान तपासले. उजव्या कानाला बारीक आवाज बरेच कमी झालेत. उजवीकडे धोटा मारणारी काठी येते, बाबा त्याच बाजूला उभे असतात. डॉक्टरांनी बुचं सांगितली. गेले नऊ दिवस घालतायत. पाचव्या दिवशी म्हणाले, "चार नंबरची काठी ढिली झालीय, बुचातून पण कळतंय."

---

लेथमास्तर_उद्यमबाग

तीन वेळा ओढून बघितलाय म्हणालात, तिथंच माझं समाधान झालं. दर महिन्याला परत ओढून बगा. वेलक्रोत कापूस बसला की तो एकतर धरत नाही, नाहीतर गाठ बसून सुटत नाही. जुन्या दातघासणीच्या ब्रशनं साफ करायचा.

आमच्याकडं एक पोरगा आहे, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. काम सोन्यासारखं करतो. त्याला मागून कुणी आलं, क्रेन हालली, तर कळत नाही. मी घंटेच्या जागी लाल दिवा लावलोय, पण तो तिकडं पाठ करून असला की उपयोग नाही. तुमच्या त्या तीस ओळी मला मिळतील काय? आणि वहिनींना विचारून पट्टीचं माप पण सांगा.

---

वडगावचा_धोटा

मास्तर, ओळी आज रात्री इथेच टाकतो, प्रत्येक ओळीवर मराठीत काय चाललंय ते लिहून. क्रेनसाठी फोनची वाट बघायला नको, क्रेनच्या बटणाला छोटा ब्लूटूथचा तुकडा जोडून थेट घड्याळाला खूण पाठवता येईल. रविवारी उद्यमबागेत येऊन क्रेन बघतो. लाल दिवा काढू नका, तो राहू दे.

माप आईनं सांगितलं ते असं: दंडाचा घेर अधिक चार बोटं. रुंदी घड्याळाच्या दांडीएवढी, म्हणजे २० मिलिमीटर. अस्तर दोन्ही बाजूंनी दोऱ्याएवढं आत दुमडायचं, नाहीतर घामानं कड चावते. मुलाच्या दंडाचा घेर कळवा, आई रविवारपर्यंत शिवून देते म्हणालीय. रंग कोणता हवा तेही विचारा त्याला. घरात सध्या मोरपंखी आणि डाळिंबी काठ शिल्लक आहेत.

---

लेथमास्तर_उद्यमबाग

घेर साडेअकरा इंच. डाळिंबी म्हणतोय.